आरोपी नसलेला अन्याय: अमेरिकेतले पोलीस, विद्यापीठे आणि संरचनात्मक वर्णभेद

४ मार्च २०१५ रोजी अमेरिकेच्या न्याय विभागाने मिसुरी राज्यातल्या फर्ग्युसन या छोट्या शहराविषयी एकाच दिवशी दोन अहवाल प्रसिद्ध केले. पहिला डॅरन विल्सन या पोलीस अधिकाऱ्याविषयी होता. आधीच्या वर्षी ९ ऑगस्टला त्याने मायकेल ब्राउन या अठरा वर्षांच्या निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाला गोळ्या घालून ठार केले होते आणि त्यानंतर देशभर निदर्शने झाली होती. साक्षी आणि न्यायवैद्यक पुरावे तपासल्यावर विल्सनवर खटला भरण्याइतका आधार नाही, असा या अहवालाचा निष्कर्ष होता. दुसरा अहवाल त्याच शहराच्या पोलीस खात्याविषयी होता. हे खाते आणि शहराचे न्यायालय मिळून कृष्णवर्णीय नागरिकांचे घटनात्मक हक्क वर्षानुवर्षे तुडवत आले आहेत, असे त्यात पुराव्यानिशी मांडले होते.

पहिला अहवाल वाचून काहींनी म्हटले की ज्याच्यावर आरोप होता तोच सुटला, म्हणजे वर्णभेदाची ओरड खोटी ठरली. दुसरा वाचून काहींनी म्हटले की पोलीस खाते एवढे सडलेले आहे, तर विल्सन सुटलाच कसा. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली होती, ती अशी की अन्याय झाला असेल तर त्याला एक आरोपी असलाच पाहिजे. संरचनात्मक वर्णभेद म्हणजे काय हे समजून घ्यायचे तर नेमके हेच गृहीतक बाजूला ठेवावे लागते.

वर्णभेद म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एखादा द्वेष्टा माणूस येतो, जो शिव्या देतो, हात उगारतो किंवा दारातून हाकलून देतो. अशी माणसे आहेतच. परंतु नियम, उद्दिष्टे, अंदाजपत्रके, नकाशे आणि जुन्या काळात झालेल्या वाटण्या यांची घडी अशी बसलेली असू शकते की कोणाच्याही मनात द्वेष नसताना, प्रत्येक कर्मचारी आपापले नेमून दिलेले काम करत असताना, एका समाजाच्या पदरी सातत्याने अधिक त्रास पडतो. स्टोकली कारमायकल आणि चार्ल्स हॅमिल्टन यांनी १९६७ साली याला संस्थात्मक वर्णभेद असे नाव दिले. इंग्लंडमध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या १९९३ मधल्या खुनाचा तपास लंडन पोलिसांनी कसा वाया घालवला याची चौकशी करणाऱ्या मॅकफर्सन समितीने १९९९ साली हीच संकल्पना सरकारी अहवालात आणली आणि त्यानंतर ती केवळ चळवळीची भाषा उरली नाही.

फर्ग्युसनमध्ये ही घडी कशी बसली होती ते जरा जवळून पाहू. शहराची वस्ती सुमारे २१,०००. तिच्यात कृष्णवर्णीय ६७ टक्के. २०१२ ते २०१४ या काळात पोलिसांनी अडवलेल्या वाहनचालकांत मात्र कृष्णवर्णीय ८५ टक्के होते, पावत्या फाडल्या गेलेल्यांत ९० टक्के आणि अटक झालेल्यांत ९३ टक्के. म्हणजे थांबवण्यापासून अटकेपर्यंत प्रत्येक पायरीवर वाटा वाढत जात होता. त्याच्या मुळाशी शहराची तिजोरी होती. २०१५ या आर्थिक वर्षासाठी शहराने सुमारे १ कोटी ३२ लाख डॉलरच्या सर्वसाधारण निधीपैकी ३० लाखांहून अधिक डॉलर, म्हणजे जवळपास २३ टक्के रक्कम, दंड आणि न्यायालयीन शुल्कातून येईल असे धरले होते. २०१० साली शहराच्या वित्त अधिकाऱ्याने पोलीस प्रमुखांना कळवले होते की पावत्यांची संख्या वर्षअखेरीपूर्वी चांगलीच वाढली नाही तर पुढच्या वर्षी वसुली वाढवणे अवघड जाईल. पोलिसांची कामगिरी मोजताना त्यांनी किती पावत्या फाडल्या हे पाहिले जात होते.

अहवालात एका महिलेचे प्रकरण दिले आहे. २००७ साली तिने एकदा गाडी चुकीच्या जागी लावली. दोन पावत्या, १५१ डॉलर दंड आणि वर शुल्क. तिची परिस्थिती बिकट होती, काही काळ डोक्यावर छप्परही नव्हते. तारखा चुकल्या, हप्ते चुकले आणि २०१० पर्यंत हजर न राहिल्याचे सात वेगळे गुन्हे तिच्या नावावर चढले. प्रत्येक गुन्ह्यागणिक नवे अटक वॉरंट निघत होते आणि नवा दंड लागत होता. तिला दोनदा अटक झाली, सहा दिवस ती तुरुंगात राहिली. मधल्या काळात तिने दोनदा थोडे थोडे पैसे भरण्याचा प्रयत्न केला, एकदा २५ डॉलर आणि एकदा ५०, पण रक्कम पूर्ण नाही म्हणून न्यायालयाने ते परत पाठवले. डिसेंबर २०१४ पर्यंत ५५० डॉलर भरून झाल्यावरही ती ५४१ डॉलर देणे लागत होती. या प्रकरणात खलनायक शोधू गेल्यास सापडत नाही. पावती नियमाप्रमाणे फाडली होती, वॉरंट नियमाप्रमाणे निघाले होते आणि पैसे परत पाठवणारा कारकूनही नियमावरच बोट ठेवत होता. डिसेंबर २०१४ मध्ये या न्यायालयाच्या दप्तरी १६,००० हून अधिक व्यक्तींच्या नावे अटक वॉरंट प्रलंबित होते. त्यांत शहराबाहेरचेही लोक होते, तरी हा आकडा शहराच्या लोकसंख्येच्या शेजारी ठेवून पाहावा.

फर्ग्युसनमध्ये उघड द्वेषही होता. पोलीस अधिकारी आणि न्यायालयाच्या लिपिक यांनी कार्यालयीन ईमेलवरून पाठवलेले वर्णद्वेषी विनोद तपासात सापडले आणि संबंधितांची नोकरी गेली. असे कर्मचारी काढून टाकणे तुलनेने सोपे असते, कारण तेवढ्याने अंदाजपत्रकातला तो २३ टक्क्यांचा रकाना हलत नाही. तो हलवायला राज्याच्या विधिमंडळाला कायदा करावा लागला आणि मिसुरीने २०१५ साली शहरांच्या उत्पन्नात वाहतूक दंडाचा वाटा किती असावा याची मर्यादा खाली आणली.

आता एक आक्षेप येतोच आणि तो टाळण्यात अर्थ नाही. कृष्णवर्णीयांना अधिक वेळा अडवले जाते याचा अर्थ त्या वस्त्यांत गुन्हे अधिक घडतात आणि पोलीस तिथे जातात, एवढाच नसेल कशावरून? केवळ लोकसंख्येतला वाटा आणि अडवलेल्यांतला वाटा यांची तुलना करून याचे उत्तर मिळत नाही, आणि जे लेखक तेवढ्यावर थांबतात ते स्वतःचीच बाजू कच्ची ठेवतात. संशोधकांनी याहून कसोटीचे प्रश्न विचारले आहेत. पहिला असा की झडती घेतल्यावर हाती काय लागले? पोलीस सगळ्यांना एकाच निकषाने संशयित ठरवत असतील तर झडतीत आक्षेपार्ह वस्तू सापडण्याचे प्रमाण सर्व गटांत साधारण सारखे यायला हवे. फर्ग्युसनमध्ये कृष्णवर्णीय चालकांची झडती दुपटीहून अधिक प्रमाणात होत होती, पण त्यांच्याकडे काही सापडण्याची शक्यता गौरवर्णीयांपेक्षा २६ टक्क्यांनी कमी होती. म्हणजे त्यांच्याबाबतीत थोडक्या संशयावरही झडती होत होती.

दुसरी कसोटी अधिक कल्पक आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी देशभरातून जवळपास १० कोटी वाहन-थांब्यांच्या नोंदी गोळा केल्या आणि २०२० साली त्यांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. संध्याकाळी सात वाजता वर्षाच्या काही महिन्यांत उजेड असतो आणि काही महिन्यांत अंधार. वेळ तीच, रस्त्यावरची वर्दळही साधारण तीच. फरक एवढाच की अंधारात चालकाचा वर्ण बाहेरून दिसत नाही. अंधार पडल्यानंतर अडवलेल्या चालकांतले कृष्णवर्णीयांचे प्रमाण घटते, असे या नोंदींत आढळले. चालकाचा चेहरा दिसणे न दिसणे यावर प्रमाण बदलत असेल, तर ते केवळ गुन्ह्यांच्या भूगोलाचे प्रतिबिंब आहे असे म्हणता येत नाही.

या क्षेत्रात सगळ्यांचे एकमत आहे असेही नाही. हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ रोलंड फ्रायर यांनी २०१६ साली मांडलेल्या अभ्यासात ढकलणे, बेड्या घालणे, भिंतीला टेकवून उभे करणे अशा खालच्या पातळीच्या बळाचा वापर कृष्णवर्णीयांवर कितीतरी अधिक होतो असे दिसले. ह्यूस्टनमधल्या पोलीस गोळीबाराच्या नोंदींत मात्र त्यांना वर्णानुसार फरक आढळला नाही. फ्रायर स्वतः कृष्णवर्णीय असल्याने हा निष्कर्ष विशेष गाजला. त्यावर डीन नॉक्स, विल लोव आणि जोनाथन मुमोलो यांनी २०२० साली घेतलेला आक्षेप समजून घेण्याजोगा आहे. पोलिसांच्या दप्तरात फक्त त्यांनी अडवलेल्या माणसांच्याच नोंदी असतात. कृष्णवर्णीयांना क्षुल्लक कारणांवरूनही अडवले जात असेल तर अडवलेल्यांच्या यादीत निरुपद्रवी माणसांची भर पडते, भागाकारातला छेद फुगतो आणि त्यामुळे बळाच्या वापरातला भेद प्रत्यक्षापेक्षा लहान दिसतो. रचनेत मुरलेला भेद त्या रचनेनेच ठेवलेल्या नोंदींतून मोजायला गेल्यास अशी अडचण येते.

कायद्याची अडचण वेगळी आहे. १९७० च्या दशकात वॉशिंग्टन शहराच्या पोलीस भरतीसाठी एक लेखी परीक्षा घेतली जाई, आणि तिच्यात नापास होणाऱ्या कृष्णवर्णीय उमेदवारांचे प्रमाण गौरवर्णीयांच्या सुमारे चौपट होते. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की परिणाम विषम आहे एवढ्याने घटनाभंग होत नाही. भेदभाव करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. पुढे १९९६ साली त्याच न्यायालयाने म्हटले की वाहतुकीचा कोणताही नियम मोडलेला असल्यास पोलिसाने वाहन थांबवणे वैध आहे, मग त्याच्या मनातले खरे कारण काहीही असो. हे दोन निकाल शेजारी ठेवले की पेच लक्षात येतो. संविधानाच्या पातळीवर न्यायालय हेतू मागते आणि रस्त्यावर तपासायची वेळ आली की हेतूकडे पाहण्याची गरज नाही म्हणते. संरचनात्मक भेद या दोन दगडांच्या फटीतून अलगद निसटतो.

फिलँडो कॅस्टिल हे मिनेसोटातल्या एका शाळेच्या भोजनगृहाचे पर्यवेक्षक होते. सुमारे चौदा वर्षांत पोलिसांनी त्यांची गाडी किमान ४६ वेळा थांबवली होती. नंबर प्लेट, विमा, सीटबेल्ट अशी कारणे असत, दंडाची बेरीज ६,००० डॉलरच्या वर गेली होती आणि निम्म्याहून अधिक आरोप पुढे रद्दही झाले होते. ६ जुलै २०१६ रोजी मागचा दिवा बिघडल्याच्या कारणावरून ते पुन्हा थांबवले गेले आणि अधिकाऱ्याच्या गोळ्यांना बळी पडले. तो अधिकारी पुढच्या वर्षी निर्दोष सुटला. ही घटना घडली ते फाल्कन हाइट्स हे उपनगर मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट पॉल आवाराचे ठिकाण आहे.

विद्यापीठांचा या सगळ्याशी संबंध काय, असा प्रश्न आपल्याकडच्या वाचकाला पडणे स्वाभाविक आहे, कारण आपल्याकडे विद्यापीठाच्या आवारात पोलीस येणे हीच बातमी असते. अमेरिकेत अनेक विद्यापीठांचे स्वतःचे पोलीस दल असते. ते सशस्त्र असते, त्याला अटकेचे अधिकार असतात आणि कित्येक ठिकाणी त्याची गस्त आवाराबाहेरच्या वस्त्यांतही चालते. ज्या वस्तीच्या शेजारी विद्यापीठ वाढले ती अनेकदा गरीब आणि कृष्णवर्णीय असते, अशा ठिकाणी विद्यापीठाच्या सुरक्षेची व्याख्या शेजाऱ्यांकडे संशयाने पाहण्यातून घडत जाते. आतल्या माणसालाही त्यातून सूट नसते. मे २०१८ मध्ये येल विद्यापीठात एक कृष्णवर्णीय संशोधक विद्यार्थिनी लेख लिहिता लिहिता वसतिगृहाच्या सामायिक खोलीत झोपी गेली. दुसऱ्या एका विद्यार्थिनीने पोलिसांना बोलावले, आणि स्वतःच्या खोलीचे कुलूप किल्लीने उघडून दाखवल्यावरही ओळखपत्राची पडताळणी होईपर्यंत तिला थांबावे लागले.

पोलिसांना मार्ग दाखवणारे ज्ञानही विद्यापीठांतूनच येते. गुन्हा कुठे घडेल याचे भाकीत करणारी ‘प्रेडपोल’ ही प्रणाली लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधनातून निघाली. क्रिस्टियन लम आणि विल्यम आयझॅक यांनी २०१६ साली हीच गणिती पद्धत ओकलंडमधल्या अमली पदार्थांच्या पोलीस नोंदींवर चालवून पाहिली. पाहणीनुसार अमली पदार्थांचा वापर शहरभर साधारण सारखा पसरलेला होता, पण प्रणालीने पोलिसांना पुन्हा पुन्हा कृष्णवर्णीय वस्त्यांतच पाठवले असते असे दिसले. गावातल्या एकाच वाडीत वर्षानुवर्षे बोअर घेत राहिले तर नोंदवहीत सगळे पाणी त्याच वाडीखाली असल्याचे दिसेल, तसे हे आहे. अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी आपण ही प्रणाली वापरत नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. तिची सुरुवातीची प्रयोगभूमी असलेल्या सांता क्रूझ शहराने मात्र २०२० साली अशा भाकितांवर बंदी घातली. त्याच उन्हाळ्यात अनेक अमेरिकी गणितज्ञांनी पोलिसांसोबतचे असे सहकार्य थांबवावे, असे जाहीर पत्र आपल्या व्यावसायिक संघटनेच्या नियतकालिकाला पाठवले.

निमित्त अर्थातच जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूचे होते. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये डेरेक शॉविन या अधिकाऱ्याने नऊ मिनिटांहून अधिक काळ त्यांच्या मानेवर गुडघा रोवून ठेवला. त्यानंतरच्या आठवड्यांत जवळजवळ प्रत्येक अमेरिकी विद्यापीठाने निवेदन काढले. बहुतेक निवेदने एकमेकांची नक्कल वाटावी इतकी सारखी होती: आम्ही व्यथित आहोत, आम्ही ऐकत आहोत, आम्ही कटिबद्ध आहोत. वांशिक समतेशी बांधिलकी या शब्दांना त्या उन्हाळ्यात फारच स्वस्त भाव आला. तरीही त्यांत एक निवेदन वेगळे होते. घटनेनंतर दोनच दिवसांनी, विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्षांनी मुदत घालून केलेल्या मागणीनंतर, मिनेसोटा विद्यापीठाच्या अध्यक्ष जोन गेबल यांनी जाहीर केले की फुटबॉल सामने आणि मैफलींसारख्या मोठ्या कार्यक्रमांच्या बंदोबस्तासाठी विद्यापीठ यापुढे मिनियापोलिस पोलिसांशी करार करणार नाही, आणि स्फोटके हुंगणाऱ्या श्वानपथकासारख्या खास सेवाही त्यांच्याकडून घेणार नाही. संयुक्त गस्त आणि तपास मात्र गरजेपुरते चालू राहणार होते आणि विद्यापीठाचे स्वतःचे पोलीस दलही कायम होते. निर्णय मर्यादित होता, पण त्यातली बांधिलकी कराराच्या कागदावर आणि देयकात दिसणारी होती, म्हणून नंतर तपासता येणारीही होती.

सिनसिनाटी विद्यापीठाचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे आणि माझ्या मते अधिक शिकवणारे आहे, कारण तिथे गोळी विद्यापीठाच्याच पोलिसाची होती. १९ जुलै २०१५ रोजी रे टेन्सिंग या अधिकाऱ्याने आवाराबाहेरच्या रस्त्यावर सॅम्युअल ड्युबोस यांची गाडी थांबवली. कारण काय, तर पुढच्या बाजूला नंबर प्लेट नव्हती. बोलणे वाढले, ड्युबोस यांनी गाडी सुरू केली आणि टेन्सिंगने त्यांच्या डोक्यात गोळी झाडली. जानेवारी २०१६ मध्ये विद्यापीठाने कुटुंबाशी समझोता केला: ४८ लाख ५० हजार डॉलर, जाहीर क्षमायाचना, आवारात स्मारक आणि ड्युबोस यांच्या बारा मुलांना पदवीपर्यंतचे शिक्षण मोफत. टेन्सिंगवरचे दोन्ही खटले ज्यूरींचे एकमत न झाल्याने निष्फळ ठरले आणि २०१७ साली आरोप मागे घेण्यात आले. मग २०१८ साली त्याच विद्यापीठाने टेन्सिंगलाही थकीत वेतन आणि वकिलाचा खर्च म्हणून सुमारे ३ लाख ४४ हजार डॉलर दिले, कारण त्याला नोकरीवरून काढण्याच्या पद्धतीला पोलीस संघटनेने आव्हान दिले होते. पैशाने झालेली भरपाई मनापासून असेलही, पण कामगार करार, खटल्याची पद्धत आणि गस्तीची हद्द यांचे चाक आपल्याच गतीने फिरत राहते. आणखी एक तपशील असा की १ जुलै २०२० पासून ओहायो राज्याने पुढच्या नंबर प्लेटची सक्तीच रद्द केली. ज्या नियमाच्या आधारे ड्युबोस यांना थांबवले तो नियम पाच वर्षांनी राज्यालाच गरजेचा वाटला नाही.

बाल्टिमोरमधल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाकडे पाहिले की एकाच संस्थेत दोन दिशांचे वारे कसे वाहतात ते दिसते. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशात मिळणारे झुकते माप या विद्यापीठाने गाजावाजा न करता बंद केले. २००९ साली प्रवेश घेणाऱ्यांत अशी मुले १२.५ टक्के होती, २०१९ मध्ये ३.५ टक्के उरली. याच विद्यापीठाने २०१९ साली मेरीलँडच्या विधिमंडळाकडून खासगी पोलीस दल उभारण्याची परवानगी मिळवली, आणि विरोधात विद्यार्थ्यांनी प्रशासकीय इमारतीत महिनाभर ठिय्या दिला तो अटकेने संपवला गेला. फ्लॉइड प्रकरणानंतर ही योजना किमान दोन वर्षे थांबवण्याचे ठरले. दोन वर्षे सरली आणि डिसेंबर २०२२ मध्ये बाल्टिमोर पोलिसांशी करार होऊन ती पुन्हा मार्गी लागली.

माजी विद्यार्थ्यांच्या मुलांचा मुद्दा इथे उगाच आलेला नाही. फर्ग्युसनच्या पावत्यांचीच ही विद्यापीठीय आवृत्ती आहे. नियमात वर्णाचा उल्लेख कुठेही नसतो. पण ज्या पिढ्यांत विद्यापीठांचे दरवाजे कृष्णवर्णीयांना जवळजवळ बंद होते त्या पिढ्यांच्या नातवंडांना सवलत दिली, की जुना भेद नव्या यादीत उतरतो. प्रवेशातील वर्णविचाराविरुद्ध हार्वर्डवर भरलेल्या खटल्यात जी कागदपत्रे उघड झाली त्यांवरून अर्थशास्त्रज्ञांनी दाखवले की तिथे प्रवेश मिळालेल्या गौरवर्णीय विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्के खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची किंवा कर्मचाऱ्यांची मुले किंवा अधिष्ठात्यांच्या खास यादीतले (बहुधा देणगीदारांशी संबंधित) होते. कृष्णवर्णीय, आशियाई आणि लॅटिनो विद्यार्थ्यांत हे प्रमाण १६ टक्क्यांखाली होते. २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच खटल्यात निकाल दिला तो मात्र प्रवेशात वर्ण विचारात घेण्याविरुद्ध. खास यादी आणि वारशाची सवलत त्याच्या कक्षेत नव्हती. पुढच्याच वर्षी एमआयटीच्या नव्या तुकडीत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा वाटा आधीच्या वर्षांतल्या सरासरी १३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला.

पोलीस आणि विद्यापीठ हे दोन विषय चळवळीने मात्र फार पूर्वीच एकत्र पाहिले होते. ब्लॅक पँथर पक्ष १९६६ साली ओकलंडमध्ये ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी स्थापन केला. दोघांची ओळख मेरिट कॉलेजात शिकताना झालेली, आणि पक्षाचे पहिले काम होते ते पोलिसांच्या गाडीमागे जाऊन, कायद्याने ठरवलेले अंतर राखून, ते कोणाला कसे अडवतात यावर नजर ठेवण्याचे. १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात पक्षाशी संबंधित एका शिक्षकाच्या निलंबनावरून सुरू झालेला संप जवळपास पाच महिने चालला, आवारात पोलिसांनी शेकडो अटका केल्या आणि अखेरीस तिथे वांशिक अभ्यासांचे देशातले पहिले महाविद्यालय उभे राहिले. मुंबईत १९७२ साली नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या साथींनी दलित पँथर उभी केली ती या पक्षाचे नाव घेऊन. हा धागा आता उलट्या दिशेनेही गेला आहे: ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ साली आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ साली आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला, आणि कॅलिफोर्निया स्टेटच्या निर्णयाला भारतीय वंशाच्या दोन प्राध्यापकांनी न्यायालयात आव्हानही दिले. अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या मराठी मुलांच्या हाती प्रवेशाच्या वेळी पडणाऱ्या नियमपुस्तिकेत हा शब्द कसा आला, त्याचा इतिहास असा आहे.

२०२० च्या आश्वासनांचे पुढे काय झाले हे पाहिले तर बदलाची दिशा उलटली आहे. टेक्सासने कायदा करून १ जानेवारी २०२४ पासून सरकारी विद्यापीठांतली विविधता आणि समावेशनाची कार्यालये बंद केली. मार्च २०२५ मध्ये मिशिगन विद्यापीठाने, जे या कामावर सर्वाधिक खर्च करणाऱ्यांत गणले जाई, आपले असे कार्यालय बंद करत असल्याचे जाहीर केले. पोलिसांच्या बाबतीतही तेच. केंद्राच्या न्याय विभागाने जून २०२३ मध्ये मिनियापोलिस पोलिसांत कृष्णवर्णीयांविरुद्ध पद्धतशीर भेदभाव होतो असा निष्कर्ष काढला होता. मे २०२५ मध्ये नव्या सरकारच्या त्याच विभागाने न्यायालयाच्या देखरेखीखालील सुधारणा-करारातून अंग काढून घेतले. राज्याच्या मानवी हक्क विभागाने शहराशी स्वतंत्रपणे केलेला करार तेवढा उरला. केवळ कार्यालय आणि निवेदन यांवर उभी असलेली बांधिलकी एका आदेशाने पुसली जाते. मिसुरीतली दंडाची मर्यादा किंवा हॉपकिन्सच्या प्रवेश अर्जावरून उडालेला रकाना अशा वेळी टिकतो, कारण तो रोजच्या कामाच्या पद्धतीत गेलेला असतो.

म्हणून एखादे विद्यापीठ समतेची भाषा बोलते तेव्हा मी आधी त्याच्या पोलीस दलाच्या नोंदी शोधतो. शिकागो विद्यापीठाचे पोलीस दल देशातल्या मोठ्या खासगी दलांपैकी एक आहे. त्याची हद्द आवाराच्या पलीकडे शहराच्या दक्षिण भागात पसरलेली आहे आणि तिच्यात राहणाऱ्या हजारो लोकांचा विद्यापीठाशी काही संबंध नाही. विद्यार्थी आणि शेजाऱ्यांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर २०१५ पासून हे दल आपण थांबवलेल्या वाहनांची आणि पादचाऱ्यांची यादी संकेतस्थळावर टाकू लागले: जागा, वेळ, कारण, वर्ण, लिंग आणि पुढे काय झाले. त्याच वर्षी खासगी विद्यापीठांच्या पोलिसांना राज्याचा माहिती अधिकार लागू करणारे विधेयक इलिनॉयच्या प्रतिनिधीगृहात मंजूर झाले, पण ते सिनेटमध्ये अडकले. त्यामुळे ही यादी लोकांना पाहायला मिळाली ती विद्यापीठाच्या मर्जीने, आणि त्या हद्दीतल्या रहिवाशाला ती हक्काने मागण्याची सोय मिळाली नाही.